सरकी कुठं ठेवायची?

प्रिय,

कोण काय घेतो, काय विकतो हे लोकांना शोधता यावं म्हणून केलेली तुझी व्यवसाय-यादी रात्री शेवटपर्यंत वाचली. कष्ट दिसतात. पण शब्द तू समानार्थी समजून फार घाईनं एकत्र केलेस.

‘ठिबक’ आणि ‘ड्रिप’ जोडलेस, बरोबर. ‘हरभरा’ आणि ‘चणा’ही. पण ‘तूर’ आणि ‘तूरडाळ’? जळगावचा दालमिलवाला तूर घेतो नि डाळ विकतो. जीएसटीच्या एचएसएन यादीत, म्हणजे मालाच्या क्रमांकांच्या यादीत, दोन्ही ०७१३ खालीच येतात, म्हणून तू फसला असशील. तिथं कर ठरवायचा असतो; आपल्याला घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालायची आहे. मीही हेच केलं होतं. तूर शोधणाऱ्या एका मिलवाल्यापुढे माझ्या यादीनं त्याच्यासारख्याच डाळ विकणाऱ्यांची नावं दाखवली. त्याचा चेहरा अजून आठवतो.

तेव्हापासून शब्द जोडण्याआधी स्वतःला विचारतो: हे मागणाऱ्याला ते दिलं, तर तो घेऊन जाईल का? कापूस मागणारा रुई नेणार नाही. जिनिंगमध्ये कापसातली सरकी, म्हणजे बी, वेगळी होऊन रुई उरली की माल बदलतो, गिऱ्हाईकही बदलतं.

जे खरंच समानार्थी ठरतील, त्यांतला एक शब्द शीर्षकाला घे आणि बाकीचे त्याच्याकडे वळव. पुसू मात्र नकोस. शेतकरी ‘ठिबक सिंचन संच’ लिहीत नाही, ‘नळ्या’ म्हणतो.

आता सरकी. जिनिंगमधून निघणारा माल, तेलगिरणीचा कच्चा माल, गुरांचं खाद्य, पेरणीचं बियाणं, अशा चार ठिकाणी तू त्याच व्यापाऱ्यांच्या चार नोंदी केल्यास. उद्या एखाद्याचा फोन बदलला की तीन नोंदी जुन्याच राहतील. नोंद एकच, जिनिंगखाली ठेव. तेल आणि पशुखाद्याकडून तिथं दुवे दे. बियाणं मात्र पूर्ण वेगळं काढ. ते विकायला परवाना लागतो, आणि कुणी चुकून जिनिंगची सरकी पेरली तर त्याचा हंगाम जाईल. इथं शब्द एक असला तरी वस्तू दोन आहेत.

पीव्हीसी पाइप शेतीत की बांधकामात, हा तुझा प्रश्नही बघितला. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी पुस्तकं लावण्यासाठी केलेल्या १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाला एकाच फांदीला न टांगता त्याचे पैलू वेगळे मांडले. तसंच कर: वस्तू ‘पाइप’, वापर ‘शेती’ आणि ‘बांधकाम’.

लोकांनी शोधले पण ज्यांवर काहीच सापडलं नाही, असे सगळे शब्द काढून ठेव. सोमवारी ते घेऊन बाजार समितीत ये. अडत्यांकडे आणि हमालांकडे बसून एकेक विचारू.

तुझा,
काका