जंपर लावायला नकार देणारा मुलगा

प्रश्न : माझा मुलगा २० वर्षांचा आहे. आयटीआय इलेक्ट्रिशियनला ८१ टक्के पडले. चार महिन्यांपासून कोल्हापुरातच लिफ्ट बसवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे अप्रेंटिस आहे. तिथले मिस्त्री म्हणतात, पोरगं हळू आहे, मेन पाडला तरी मीटर लावून बघत बसतं. गेल्या आठवड्यात दाराच्या लॉकला जंपर मारून लिफ्टच्या टपावर चढायला सांगितलं, तर 'नको' म्हणाला आणि खालीच थांबला. मी शिरोलीला फाउंड्रीत २२ वर्षं काढली. भाजल्याशिवाय काम येत नाही, हे त्याला रोज सांगतो. आता तो घरात माझ्याशी बोलत नाही. त्याची भीती कशी घालवू? की सरळ डिप्लोमाला घालू?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर :

नमस्कार. डिप्लोमाचं तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंत, त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, महावितरणच्या भरतीकडेही लक्ष ठेवता येतं. त्यासाठी आज घाई करायचं कारण नाही. मला काळजी वाटली ती 'भीती कशी घालवू' या शब्दांची.

ती घालवू नका. त्या दिवशी तुमचा मुलगा खाली थांबला ते शंभर टक्के बरोबर केलं. साइटवर मिस्त्री रागावलेला आणि घरी वडील 'भित्रा' म्हणणारे, अशा दोन्हीकडच्या माऱ्यात विशीतलं पोरगं किती दिवस 'नको' म्हणत राहील? एक दिवस तुमच्या बोलण्याला कंटाळून तो चढेल. तो दिवस येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी जंपर म्हणजे काय ते बघा. लिफ्टच्या पॅनलमधून एक सेफ्टी सर्किट निघतं. खाली पिटमधला, म्हणजे लिफ्टच्या विहिरीच्या तळच्या खड्ड्यातला स्टॉप स्विच, वेगावर नजर ठेवणाऱ्या गव्हर्नरचा स्विच, वर-खालच्या शेवटच्या हद्दीचे फायनल लिमिट स्विच, कारच्या, म्हणजे माणसं उभी राहतात त्या डब्याच्या दाराचा कॉन्टॅक्ट आणि प्रत्येक मजल्याच्या दाराचं लॉक, सगळं एका माळेत ओवलेलं. तळमजला अधिक सहा मजले असतील तर नुसती मजल्यांचीच सात लॉक. त्यातलं एक जरी सुटलं तरी मोटरचा पुरवठा तुटतो आणि ब्रेक बसतो. दाराचा हूक किमान ७ मिमी अडकल्याशिवाय कार हलता कामा नये, इतकी ती गोष्ट काटेकोर आहे. जंपर म्हणजे वीतभर वायरचा तुकडा. पॅनलच्या दोन टर्मिनलांत टोचला की सातही लॉक असून नसल्यासारखी. दार सताड उघडं ठेवून लिफ्ट चालू लागते. संध्याकाळी घाईत तो तुकडा काढायचा राहिला, तर दुसऱ्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन आत पाऊल टाकणाऱ्या बाईच्या पायाखालून कार निघून जाईल.

जंपरशिवाय टपावरून काम होत नाही, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. मजल्याची दारं बंद असली की सर्किट आपोआप पुरं होतं आणि टपावरच्या इन्स्पेक्शनच्या, म्हणजे तपासणीसाठीच्या बटणांवर कार सावकाश चालते. चढायची रीत ठरलेली आहे. किल्लीने दार थोडं उघडायचं आणि मजल्याचं बटण दाबून कार हलत नाही ना, ते बघायचं. म्हणजे लॉकची खात्री झाली. मग बाहेरूनच हात घालून टपावरचा स्टॉप दाबायचा, दार लावून पुन्हा बटण दाबून बघायचं. मग इन्स्पेक्शन स्विच टाकायचा, स्टॉप सोडायचा, दार लावून परत बघायचं. तिन्ही वेळा कार जागेवर राहिली, तर पुन्हा स्टॉप दाबून मगच पाय टाकायचा. याला दोन-तीन मिनिटं लागतात. मिस्त्री ज्याला हळू म्हणतात ते बहुतेक हेच असावं.

लॉकमधला दोष शोधायलाही आधी मीटरच वापरायचा. सर्किटच्या सुरुवातीला जो व्होल्टेज मिळतो, तो टर्मिनलमागून टर्मिनल तपासत जायचं. जिथे नाहीसा होतो, त्याच्या अलीकडचा कॉन्टॅक्ट बघायचा. बहुतेक वेळा उंबऱ्याच्या खाचेत कचरा अडकून दार पुरतं मिटलेलं नसतं. नव्या पॅनलमध्ये दारांसाठी वेगळा बायपास स्विच असतो, आणि त्यावर कार फक्त इन्स्पेक्शनमध्येच चालते.

आता मेन पाडूनही मीटर लावण्याबद्दल. घरातल्या वायरिंगवर हात बसलेल्या प्रत्येकाचा हाच गैरसमज असतो की मेन पाडला म्हणजे सगळं मेलं. लिफ्टमध्ये तसं होत नाही. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हमध्ये ४१५ व्होल्ट एसीचं डीसी होतं, साधारण ५८० व्होल्ट, आणि ते कपॅसिटरमध्ये मेन पडल्यावरही काही मिनिटं टिकून राहतं. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबून, मीटर डीसीवर ठेवून तिथे मोजायचं. खिशातल्या टेस्टरवर विसंबायचं नाही. कारच्या दिव्या-पंख्याची लाइन बहुधा वेगळ्या एमसीबीवरून येते, त्यामुळे मेन खाली असूनही पॅनलच्या त्या कोपऱ्यात २३० व्होल्ट जिवंत असतात. सगळ्यात घातक ती एआरडी. लाइट गेली तर माणसं अडकू नयेत म्हणून ही बॅटरी कारला जवळच्या मजल्यावर नेते. तुम्ही मेन पाडलात की तिला वाटतं लाइट गेली, आणि शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या विहिरीत माणूस असताना ती कार हलवू शकते. म्हणून आधी एआरडी बंद, मग मेन, मग मेनला कुलूप आणि पाटी. मीटर आधी चालू लाइनवर बघून घ्यायचा, मग बंद लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर, म्हणजे मीटरच मेलेला नव्हता हे कळतं. आणि वजनही विसरू नका. मागचं काउंटरवेट रिकाम्या कारपेक्षा जड असतं, कार अधिक तिच्या क्षमतेच्या ४० ते ५० टक्के. ब्रेक सुटला तर रिकामी कार विजेशिवाय वर जाते, आणि टपावरच्या माणसाच्या डोक्यावर छत असतं.

तुम्ही फाउंड्रीतले आहात, म्हणून विचारतो. ओलसर लॅडलमध्ये, म्हणजे रसाच्या भांड्यात, कुणी घाईने वितळलेल्या धातूचा रस ओतायला सांगितला तर तुम्ही ओताल का? लॅडल तापवून कोरडी करायला वेळ लागतो, म्हणून कुणी तुम्हाला भित्रा म्हणालं तर चालेल का? तुमचा मुलगा लॅडल कोरडी करतो आहे.

अशा माणसाची या गावात गरज आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीसारख्या भागात पाणी शिरलं. पाणी येणार असं दिसताच कार वरच्या मजल्यावर नेऊन मेन आणि एआरडी बंद करावी लागते, आणि ओसरल्यावर पिट उपसून लगेच चालू करून भागत नाही. पिटमधले स्विच, गव्हर्नरची ताणपुली, खालच्या दाराचं लॉक, लोंबत्या केबलचा खालचा फेरा सगळं सुकवून तपासायचं. वायरचं इन्सुलेशन मोजणारा मेगर लावण्याआधी इलेक्ट्रॉनिक कार्डं सोडवायची, नाहीतर ५०० व्होल्टने कार्डंच उडतात. किमान १ मेगाओम दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. हे काम घाईच्या माणसाकडून होत नाही.

तेव्हा बदलायचीच असेल तर कामाची जागा बदला. त्याआधी मुलाला सोबत घेऊन कंत्राटदाराला भेटा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार नोंदवलाय का, ते कागदावर बघा. त्या कायद्यात कामावर दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. लिफ्ट उभारायचा परवाना आहे का, ते विचारा. फुल बॉडी हार्नेस मुलाच्या अंगावर चढवून दाखवायला सांगा, कारण साधा कमरेचा पट्टा चालत नाही. जंपर लावले तर त्यांची मोजदाद कोण ठेवतं, लावले किती आणि काढले किती, हे विचारा. आणि मुलगा शाफ्टमध्ये एकटा असतो का, हेही. या प्रश्नांवर हसून विषय बदलला, तर कळंबा रोडवरच्या आयटीआयमध्ये शिकाऊ उमेदवारीचं काम पाहणाऱ्यांना गाठा. करार दुसऱ्या आस्थापनेकडे वर्ग करता येतो. झालेले चार महिने वाया जातील या भीतीने तिथेच अडकून राहू नका.

हे सगळं पुढच्या आठवड्यातलं. आज रात्री जेवताना त्याला एवढंच विचारा की त्या दिवशी मिस्त्रीने नेमकं काय सांगितलं होतं आणि तू का नाही म्हणालास. तो बोलू लागला की मधे तोडू नका. पॅनलचं चित्र काढून दाखवू लागला तर कागद द्या.