घरच्या पॉपकॉर्नच्या लाह्या फुटत का नाहीत?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की गच्चीवर पॉपकॉर्नचा मका लावला, कणसं छान भरली, दाणे काढून आठ दिवस कडक उन्हात वाळवले, आणि कढईत टाकल्यावर निम्म्याहून जास्त गणंग राहिले. माझ्या मते तुमचं पीक उत्तम आलंय, फक्त ऊन जास्त झालंय.

पहिल्या वर्षी मीही हेच केलं. गहू-ज्वारीची सवय अंगात मुरलेली. दाताखाली दाणा कट्ट वाजेपर्यंत ऊन द्यायचं, नाहीतर कीड लागते. इथे तीच सवय नडते. पॉपकॉर्नच्या दाण्याचं टरफल कडक आणि घट्ट असतं. तापमान 180 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की आतल्या ओलाव्याची वाफ टरफल फोडते आणि शिजलेलं पीठ फसकन फुलून बाहेर येतं. त्यासाठी दाण्यात साधारण 13 ते 14 टक्के ओल लागते. ती 10-11 टक्क्यांवर आली की वाफेचा जोर पुरत नाही, दाणा नुसता करपतो.

आमची आजी नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या करायची तेव्हा आदल्या रात्री ज्वारीवर गरम पाणी मारून ती फडक्यात दडपून ठेवायची. लहानपणी वाटायचं, भाजायचंच आहे तर भिजवतेय कशाला? मक्याची कढई करपल्यावर तिचं कारण कळलं.

तुमचे दाणे अजून वाचतील. अर्धा किलो दाणे मोठ्या बरणीत घ्या, वर भरपूर जागा रिकामी राहू द्या. त्यात तीन छोटे चमचे, म्हणजे 15 मिली पाणी घालून झाकण घट्ट लावा आणि पहिल्या दिवशी येता-जाता बरणी हलवत राहा. एवढ्या पाण्याने ओल जवळपास 3 टक्क्यांनी वाढते. चार दिवसांनी 20 दाणे फोडून बघा. सतरा-अठरा फुटले तर काम झालं. गणंग जास्त असतील तर आणखी एक चमचा पाणी आणि पुन्हा दोन दिवस. उलट लाही फुटली पण बारीक आणि चिवट झाली, तर ओल जास्त आहे. दाणे दोन दिवस पंख्याखाली पसरा. तळाशी पाणी साचू देऊ नका, बुरशी धरते.

हे सगळं दाणा खरंच पॉपकॉर्नचा असेल तरच. भाजून खायच्या साध्या मक्याला किंवा स्वीटकॉर्नला कितीही पाणी पाजलंत तरी अशा लाह्या होणार नाहीत. स्वीटकॉर्न वाळल्यावर सुरकुततो, चाऱ्या-दाण्याच्या बऱ्याच मक्यांना डोक्यावर खळगा पडतो. पॉपकॉर्नचा दाणा बारीक, चकचकीत आणि दगडासारखा असतो. किराणा दुकानातले सुटे दाणे उगवतात, मीही एकदा पेरलेत, पण ते बहुधा संकरित असतात, त्यामुळे झाडागणिक कणीस वेगळं निघालं. अंबर पॉपकॉर्नसारख्या वाणाचं बी मिळालं तर तेच घ्या.

पुढच्या वेळी लावताना एका ओळीत लावू नका. मी कुंपणाकडेने बारा झाडं रांगेत लावली होती, कणसं निघाली बोळक्या तोंडासारखी, चार दाणे इथे, दोन तिथे. कणसाच्या प्रत्येक केसावर पराग पडला तरच त्याचा दाणा भरतो आणि पराग येतो वाऱ्यावर. म्हणून चार ओळींचा चौकोनी वाफा करा. गच्चीवर झाडं थोडी असतील तर सकाळी तुरे हाताने झटका. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली की लष्करी अळी समजा. 2018 मध्ये ती भारतात आली आणि तेव्हापासून मक्याला तिचा जाच आहे. थोड्या झाडांवर हाताने वेचून मारणं पुरतं.

काढणीची घाई हा दुसरा मोह. हिरवी कणसं बघून घरातली पोरं भाजायला मागतात. एखादं द्या, बाकीची राखा. पेरणीपासून शंभरेक दिवसांनी वरची पानं कागदासारखी वाळतात, दाण्यात नख रुतत नाही आणि दाणा उचकटला तर टोकाशी काळा ठिपका दिसतो. तेव्हा कणीस तोडायचं. जूनमध्ये पेरलं असेल तर नेमका याच सुमाराला पाऊस गाठतो. मग थोडं आधी तोडून आत घ्या. पानं मागे ओढून वेणीसारखी बांधा आणि कणसं वारा लागेल अशी सावलीत टांगा, उंदीर पोचणार नाहीत एवढी उंच. दाणे काढायची घाई नको. दर आठवड्याला एका कणसाचे थोडे दाणे फोडून बघायचे. माझ्याकडे तीनेक आठवडे लागतात. ज्या दिवशी लाही मनासारखी फुटते त्याच दिवशी सगळी कणसं सोलून दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे. सोलताना हातमोजे घाला, काही वाणांच्या दाण्यांची टोकं सुईसारखी टोचतात.

बियाण्यासाठी मात्र कणसं आधीच वेगळी काढा. बरणीत पाणी पाजलेले दाणे पेरायला ठेवू नका.