आउटलुकमध्ये मेल येतात पण जात नाहीत. मित्र म्हणतो अकाउंट काढून पुन्हा जोड. करू का?

नका करू. निदान आज तरी नका.

तुम्ही लिहिलंय की इनबॉक्स व्यवस्थित आहे, पण पाठवलेले मेल आउटबॉक्समध्ये अडकून बसतात आणि 'सेंड-रिसीव्ह' दाबलं की ०एक्स८००४२१०९ असा आकडा येतो. मित्राचं म्हणणं, अकाउंट उडव आणि नव्याने टाक. यातला मेलचा भाग तसा सोपा आहे. मी लिहायला बसलो ते तुमच्या मित्रामुळे, कारण माझ्याकडे असाच एक मेहुणा आहे.

झालं असं की आम्ही इंटरनेटचं कनेक्शन बदललं. जुनं सारखं तुटायचं. नवीन जोडलं, ब्राउझर पळायला लागला, सगळे खूश. दोन दिवस मला मेल पाठवायची वेळच आली नाही. तिसऱ्या दिवशी एक पाठवला, तो आउटबॉक्समध्येच राहिला. दुसरा पाठवला, तोही तिथेच. नवं कनेक्शन आणि अडकलेला मेल यांचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण येणारे मेल धडाधड येत होते. नेट चालू आहे, मग नेटचा काय दोष?

मग मी तेच केलं जे सगळे करतात. आउटबॉक्समधला मेल उघडून बघितला आणि बंद केला. (हे करू नका. क्लासिक, म्हणजे संगणकावरच्या जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये जायच्या रांगेत असलेला मेल यादीत तिरक्या अक्षरात दिसतो. तो उघडून नुसता बंद केलात की अक्षरं सरळ होतात, म्हणजे तो रांगेतून बाहेर पडला. मूळ बिघाड दुरुस्त झाला तरी मग तो जागचा हलत नाही. उघडून पुन्हा 'सेंड' दाबावं लागतं.) रविवारपर्यंत तिथे सात मेल साठले होते.

रविवारी मेहुणा आला. "दाजी, सरका जरा." खुर्चीत बसल्या बसल्या निदान झालं: "प्रोफाईल करप्ट झालंय तुमचं." एररचा आकडा त्याने बघितलाही नाही. अकाउंट सेटिंग्ज उघडली, अकाउंटवर क्लिक, रिमूव्ह. एक चौकट आली. मजकूर साधारण असा, की या अकाउंटचं संगणकावर साठवलेलं सगळं ऑफलाईन साहित्य पुसलं जाईल. मी म्हटलं, "अरे, काय म्हणतंय ते वाच की आधी." तो म्हणाला, "दाजी, आयमॅप आहे. सगळं सर्व्हरवर असतं." (आयमॅप म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून संगणकावर बघायची पद्धत.) आणि 'येस'.

मग मेलचा पत्ता टाकला, पासवर्ड टाकला, आउटलुकने स्वतःच काहीतरी शोधाशोध केली आणि मेल उतरायला लागले. त्याने मलाच एक चाचणी मेल पाठवला. गेला. आमच्या हिने तिथल्या तिथे निकाल दिला, "बघा, तुम्ही चार दिवस झटत होतात."

तो गेल्यावर मी एकाचा पत्ता शोधायला गेलो तर कॉन्टॅक्ट्स रिकामे. कॅलेंडर रिकामं. आउटबॉक्सही रिकामा, आणि ते सात मेल 'सेंट'मध्येही नाहीत.

आयमॅप फक्त मेलपुरतं असतं. कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडर त्याच्या हिशेबातच नाहीत. आउटलुक २०१३ पासून आयमॅप अकाउंटचं सगळं एका ओएसटी फाईलमध्ये राहतं. त्यात सर्व्हरवरच्या मेलची प्रत असते, आणि जे सर्व्हरवर कधीच जात नाही तेही असतं. त्या फोल्डरांच्या नावापुढे आउटलुक कंसात 'धिस कम्प्युटर ओन्ली' असं चक्क लिहून ठेवतो. मी ते वर्षानुवर्षं बघत होतो आणि ती एक शोभेची पाटी समजत होतो. अकाउंट काढलं की ती फाईल जाते, आणि आउटबॉक्स हाही त्याच फाईलमधला स्थानिक फोल्डर. माझा मेहुणा 'सगळं सर्व्हरवर असतं' म्हणाला ते मेलपुरतं खरं होतं. बाकीचं त्याच्या एका 'येस'मध्ये गेलं.

आता गंमत ऐका. पंधरवड्याने जुना लॅपटॉप काढला. त्यावर तेच अकाउंट जुन्या सेटिंगसह होतं. मेल येतात, जात नाहीत, तोच आकडा. या वेळी घरात मी एकटाच होतो. 'मोअर सेटिंग्ज'मधला 'अॅडव्हान्स्ड' उघडला. येणाऱ्या मेलचा पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) ९९३. जाणाऱ्याचा २५, एन्क्रिप्शन 'नन'. २५ खोडून ५८७ टाकला, एन्क्रिप्शन 'स्टार्टटीएलएस' (वाटेत मेल कुणाला वाचता येऊ नये म्हणूनची सोय) केलं. बाकी कशाला हात लावला नाही. मेल गेला.

२५ हा पोर्ट मुळात एका मेल सर्व्हरने दुसऱ्याला टपाल देण्यासाठी. व्हायरस लागलेली घरगुती यंत्रं त्याच वाटेने स्पॅम ओतायला लागली, म्हणून इंटरनेट देणाऱ्या पुष्कळ कंपन्या घरगुती कनेक्शनवर २५ बंद करून ठेवतात. वापरणाऱ्याने आपल्या सर्व्हरकडे मेल सोपवायचा तर त्यासाठी ५८७ आहे, तो १९९८ पासून. आधी तात्पुरता दिला गेलेला आणि मग काढून घेतलेला ४६५ सुद्धा २०१८ मध्ये रीतसर परत आला. माझ्या जुन्या कंपनीने २५ उघडा ठेवला होता, नव्याने बंद. आणि मेल येतात ते निराळ्या सर्व्हरशी, निराळ्या पोर्टवर बोलून. त्यामुळे 'येतात पण जात नाहीत' यात गूढ काही नाही. थंडरबर्डवाल्यांना हे लवकर कळतं, कारण तिथे सेटिंगमध्ये 'आउटगोइंग सर्व्हर' हा सगळ्या अकाउंटांच्या खाली वेगळाच बसवलेला असतो.

म्हणजे मेहुण्याने केलं काय? अकाउंट नव्याने जोडताना आउटलुकने सेटिंग स्वतः शोधली आणि ५८७ टाकला. दुरुस्ती त्या एका आकड्याने झाली. बाकी सगळी तोडफोड फुकटची. हे मी त्याला लॅपटॉप समोर ठेवून दाखवलं. तो म्हणतो, "पण चाललं ना शेवटी, दाजी?" चाललं. म्हणूनच हा उपाय इतका फोफावलाय. दर दोन-तीन वेळांत एकदा चालतो, आणि का चालला हे करणाऱ्यालाही माहीत नसतं. पंचनामा व्हायच्या आत जागा धुऊन काढायची, असा प्रकार.

तुमच्याकडे २५च आहे असं मी छातीठोक सांगत नाही. पण तुमचा आकडा 'जाणाऱ्या सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही' एवढंच सांगतो, तेव्हा आधी पोर्ट बघा. मग फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून पाठवून बघा. गेला तर दोष कनेक्शनकडे. (नाही गेला तर काही सिद्ध होत नाही, मोबाईल कंपन्याही २५ बंद ठेवतात.) अँटिव्हायरसमध्ये जाणारे मेल तपासायची सोय असते, ती मधेच हात घालते, पाच मिनिटं तेवढीच बंद करून बघा, अख्खा अँटिव्हायरस नव्हे.

सर्व्हरपर्यंत पोचल्यावर अडत असेल तर सर्व्हर स्वतः बोलतो. ५३५ म्हणजे लॉगिन नाकारलं. पासवर्ड बरोबर असूनही हे येतं, कारण जीमेलने वैयक्तिक खात्यांसाठी मे २०२२ अखेर बाहेरच्या प्रोग्रामना साधा पासवर्ड चालवणं बंद केलं. तिथे एकतर गूगलच्या पानावरून लॉगिन लागतं, नाहीतर टू-स्टेप (दोन टप्प्यांचं लॉगिन) सुरू करून काढलेला १६ अक्षरी अॅप पासवर्ड. ५५२ बहुतेक वेळा आकाराचं दुखणं: जोडलेली फाईल मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून सर्व्हरची मर्यादा २५ एमबी असेल तर १९ एमबीची फाईलही अडकते. तेही न जमल्यास कंट्रोल पॅनेलमधल्या 'मेल'मध्ये जाऊन नवीन प्रोफाईल (अकाउंट आणि सेटिंगचा वेगळा संच) बनवा, जुनं तसंच राहू द्या. नव्यात चाललं तर दोन्हीकडचे पोर्ट शेजारी ठेवून ताडून बघा.

हो, एक राहिलं. तुमचं अकाउंट पीओपी (मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घ्यायची पद्धत) असेल तर मेल पीएसटी फाईलमध्ये असतात, आणि अकाउंट काढलं तरी ती फाईल डिस्कवर राहते. तेव्हा तुमचा मित्र अगदीच घातकी ठरत नाही. पण पीओपी की आयमॅप हे त्याने तुम्हाला विचारलंय का? शिवाय हे सगळं क्लासिक आउटलुकचं आहे. नव्या आउटलुकमध्ये या खिडक्या अशा नाहीत.

आणि काढायचंच ठरलं तर आउटबॉक्समधले मेल आधी ओढून डेस्कटॉपवर टाका, कॉन्टॅक्ट्स सीएसव्हीमध्ये एक्स्पोर्ट करा, आणि ती चौकट येईल तेव्हा माउस तुमच्या हातात असू द्या.