हॉलच्या भिंतीवर जुन्या किल्ल्याचा प्लॅन मोठा करून लावला तर बरा दिसेल का? कुठला घेऊ, केवढा काढू?

दिसेल की, मस्त दिसेल. पण तुम्ही लिहिलंय "मुंबई फोर्ट, गोवा, वसई, यातला कुठलाही चालेल, सोफ्यामागची भिंत भरली म्हणजे झालं", त्यावर माझं म्हणणं वेगळं आहे. कुठलाही नको. जिथे तुम्ही स्वतः चपला झिजवल्यात त्याचाच लावा, आणि सोफ्यामागे तर नकोच.

मी वसईचा, आमच्याकडे हॉलमध्ये चार वर्षं वसई किल्ल्याचा प्लॅन आहे. पोर्तुगीजांना वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळाली आणि पुढे त्यांनी तट बांधून अख्खं शहरच आत घेतलं, त्यामुळे प्लॅनमध्ये चर्च, मठ, रस्ते, सगळं दिसतं आणि भोवती तो वेडावाकडा बहुकोन, कोपऱ्याकोपऱ्यावर बाणाच्या टोकासारखे बुरुज. ही टोकं शोभेची नाहीत बरं का, गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात थोडी जागा अशी राहते की तिथे कुणाची गोळी पोचत नाही, टोकदार केला की शेजारच्या बुरुजावरची तोफ त्याच्या अंगालगत मारा करू शकते. आपल्या डोंगरी किल्ल्यांचा तट डोंगराच्या कडेकडेने जातो, त्यांच्या प्लॅनला हा रांगोळीसारखा आखीवपणा येत नाही.

लावल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारचे अंकल आले. चष्मा चढवला, कागदाला नाक लावलं आणि बोट फिरवत बुरुजांची नावं वाचायला लागले. "सांव सेबास्तियांव... रे-मे-दि-ओस... अरे, म्हणजे आपली रमेदी!" माणूस जन्मापासून वसईत, रमेदीच्या चर्चवरून हजारदा गेलेला, पण ते गावाचं नाव पोर्तुगीज आहे हे त्यांना माझ्या भिंतीवर कळलं. मग अर्धा तास किल्लाबंदराकडचा दर्या दरवाजा शोधत बसले, चहा गार झाला. सोफ्यामागे लावला असता तर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून वाकून कोण वाचणार? पॅसेजमध्ये किंवा जेवणाच्या टेबलाशेजारी लावा, जिथे माणूस फूटभर अंतरावर उभा राहू शकेल, मधला भाग उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर येईल इतक्या उंचीवर.

मामाने मात्र आल्या आल्या विचारलं, परक्यांचा किल्ला कशाला टांगलायस रे घरात? त्याला मी उत्तरेचा तट दाखवला. बाकीकडे समुद्र, खाडी, दलदल, जमीन लागते ती याच बाजूला, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावले ते इथेच, मे महिन्यात वसई पडली. आता पाहुणे आले की मामाच बोट ठेवून दाखवतो, जसा काही सुरुंगाला बत्ती त्यानेच दिली होती.

तुम्ही मुंबईचे असाल तर फोर्टचा प्लॅन घ्या, त्याची गंमत वेगळी. तो तट १८६० च्या दशकात पाडला, त्यामुळे प्लॅन बघूनच कळतं की फोर्ट म्हणतात ते का. तीन दरवाजे होते, अपोलो गेट, चर्चगेट, बझार गेट. यातलं चर्चगेट आज फ्लोरा फाउंटन आहे त्याच्या आसपास होतं, स्टेशनपाशी नाही, रोज लोकलने जाणाऱ्याला हे दाखवा आणि चेहरा बघा.

एक फरक लक्षात ठेवा. बोकारो या पोर्तुगीज लेखकाच्या १६३५ च्या हस्तलिखितातली किल्ल्यांची रंगीत चित्रं सुंदर आहेत पण ती चित्रं आहेत, वरून बघितल्यासारखी, त्यात घरं उभी दिसतात आणि मापं लागत नाहीत. रंग हवा असेल तर ती, बोटाने रस्ता शोधायचा असेल तर मोजणी करून काढलेला प्लॅन. आणि जुन्या प्लॅनवर उत्तर वरच असेल असं धरून चालू नका, बाण बघा.

आता साइज. इथे मी माती खाल्ली होती. नेटवरून ९०० पिक्सेल रुंदीची इमेज उतरवली आणि दुकानात ३६ इंच रुंद काढायला सांगितली, म्हणजे इंचाला २५ ठिपके, दुकानदार काही बोलला नाही, त्याने काढून दिली आणि घरी येऊन बघतो तर सगळी अक्षरं मुंग्या. लांबून ठीक, जवळून काहीच वाचता येईना, पैसे पाण्यात. ए-१ काढायचा असेल, म्हणजे साधारण २३ बाय ३३ इंच, तर इंचाला १५० ठिपक्यांनी ३५०० बाय ५००० च्या आसपास पिक्सेल लागतात, तेवढे नसतील तर गुपचूप ए-३ वर समाधान माना, छोटा पण वाचता येणारा बरा. फ्लेक्सवर अजिबात नको, वाढदिवसाचा बॅनर वाटतो. मॅट कागद घ्या, चकचकीत लॅमिनेशन केलंत तर प्लॅनऐवजी ट्यूबलाइट दिसेल.

फ्रेम साधी पातळ लाकडी, कागदाभोवती दोन-अडीच इंच पांढरा माउंट. फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना रबरी बटणं चिकटवा म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते, आणि पावसाचा मारा बसतो ती बाहेरची भिंत टाळा. मी आधी तिथेच लावला होता. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या कोपऱ्यात बुरशीचे करडे ठिपके आले, बरोब्बर खाडी काढलीय तिथे. भिंत बदलली, बटणं लावली, ठिपके वाढायचे थांबले पण गेले नाहीत, आणि अंकल अजून विचारतात की ही बेटं कुठली.