थीसिसमध्ये जागा, तंत्रज्ञान, वारसा आणि माणसाचा अनुभव हे चारही विषय एकत्र कसे आणायचे?

तुम्ही लिहिलंय की आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहात, थीसिससाठी (म्हणजे शेवटच्या वर्षाच्या डिझाइन प्रकल्पासाठी) रिकामी पडलेली एक जुनी दगडी इमारत साइट म्हणून घेतली आहे, तिथे वाचनालय आणि इमारतीचा इतिहास दाखवणारा एक हॉलोग्रामचा हॉल करायचा आहे, आणि दोन्ही ज्युरींत, म्हणजे परीक्षकांसमोरच्या सादरीकरणांत, एकच शेरा मिळाला: "यात चार प्रकल्प आहेत, एक नाही." आता दोन विषय वगळावेत का, असा तुमचा प्रश्न आहे.

वगळू नका. मात्र चार शीट, चार रंग, चार वर्तुळं आणि ती जिथे एकमेकांवर चढतात तिथे 'कन्सेप्ट' असं लिहिलेलं, ही मांडणी आजच बाजूला ठेवा. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं आणि नव्या वापराचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. या चार गोष्टी सुट्या सुट्या कधी भेटल्याच नाहीत. भिंतीवर हात ठेवला की चारही एकदम हाताला लागतात.

माझ्या विद्यार्थिदशेतलाच एक प्रसंग सांगतो. चौथ्या वर्षी आम्हाला एक बंद पडलेली शाळा दिली होती. आठ दिवस टेप धरून आम्ही तिचं मेझर्ड ड्रॉइंग केलं, म्हणजे प्रत्यक्ष मापं घेऊन नकाशे काढले. प्लॅन, सेक्शन (उभा छेद), खिडक्यांच्या चौकटी, तुळयांचे माप, सगळं झालं. शेवटच्या दिवशी उतरत्या उन्हात मी जिन्याच्या वळणावर उभा होतो. ऊन भिंतीला घासून जात होतं, आणि त्या तिरप्या उजेडात दगडावर दोन चकचकीत पट्टे दिसले. एक माझ्या कमरेच्या जरा वर, दुसरा गुडघ्याच्या वर वीतभर. बाकीची भिंत खरखरीत, टाकीचे घाव स्पष्ट दिसणारी. हे दोन पट्टे मात्र तळहातासारखे गुळगुळीत. क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, त्या वळणाला कठडा नव्हता. वरचा पट्टा शिक्षकांच्या हातांचा, खालचा मुलांच्या. कित्येक वर्षं रोज वर-खाली करताना भिंतीला हात लावून लावून दगड झिजला होता.

माझ्या डिझाइनमध्ये ती भिंत पाडून तिथे काचेची लिफ्ट होती.

तुमचे चारही विषय त्या दोन पट्ट्यांत आहेत. जिना वळतो आणि तोल सांभाळायला आधार हवा असतो, ही जागा. दगड कुठला, किती कठीण, कसा घडवला, हे तंत्रज्ञान. झीज हा वारसा. आणि सहा वर्षांच्या पोराचा तो हात, हा अनुभव. मी लिफ्ट तिथून हलवली, भिंत ठेवली आणि वळणाला दोन उंचींवर कठडा दिला, एक मोठ्यांसाठी, एक लहानांसाठी. तोही भिंतीपासून चार बोटं सुटा, म्हणजे पट्टे झाकले जाणार नाहीत. बाकी प्रकल्प बेताचाच होता, पण ज्युरीत सगळी चर्चा त्या कठड्यावर झाली.

म्हणून पहिली सूचना ही की इमारतीतलं एकच ठिकाण निवडा आणि ते 1:20 ला, म्हणजे खऱ्या मापाच्या विसाव्या हिश्शात, काढा. एक उंबरा, एक वळण, एक खिडकी आणि तिच्यातली बसायची जागा. 1:200 वर विषय वेगळे राहतात, कारण तिथे 'वारसा' म्हणजे फक्त तिरप्या रेघांनी हॅच केलेला भाग असतो. 1:20 वर तुम्हाला ठरवावंच लागतं की नवी फरशी जुन्या भिंतीला कुठे टेकते. टेकते का, हाही प्रश्न आहेच.

हा प्रश्न इटालियन वास्तुविशारद कार्लो स्कार्पांनी वेरोनाच्या कास्तेलवेक्यो किल्ल्यातल्या संग्रहालयात कसा सोडवला ते जरूर अभ्यासा. मुख्य काम 1958 ते 1964 मधलं. दालनांतली नवी फरशी जुन्या भिंतीपर्यंत जातच नाही. ती कडेला थांबते, मधे सावलीची एक बारीक फट राहते. चालणाऱ्याला त्यामागचा सिद्धान्त माहीत नसतो, पण आपण नंतर आलेल्या जमिनीवर उभे आहोत आणि भिंत आपल्या आधीपासून इथे आहे, हे त्याला पायांतून कळतं. वेरोनाचा मध्ययुगीन शासक कांग्रांदे याचा घोड्यावरचा पुतळा स्कार्पांनी उंच काँक्रीटच्या आधारावर, दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवला आहे. तो तुम्हाला खालून दिसतो, पुलावरून दिसतो, अगदी जवळून बाजूने दिसतो. एकच वस्तू, पण प्रत्येक वेळी चालणाऱ्याची जागा वेगळी. सर्क्युलेशनची, म्हणजे माणसांच्या ये-जा करण्याच्या वाटांची, डायग्राम काढताना बाणांऐवजी 'इथून काय दिसतं' हे लिहून पाहा, तुमच्या प्लॅनमधले निम्मे बाण आपोआप बदलतील.

आता तंत्रज्ञान. या शब्दाने विद्यार्थ्यांचा सर्वात जास्त घात होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. तंत्रज्ञान म्हटलं की संगणकी सूत्रांतून निघालेलं पॅरामेट्रिक छत, प्रोजेक्शन, सेन्सर, डोक्याला लावायचा चष्मा. अरे, ती जुनी भिंतसुद्धा तंत्रज्ञानच आहे ना! जाड दगडी भिंत दुपारची उष्णता पोटात घेते आणि आत पोचवायला कित्येक तास लावते. चुन्याचा गिलावा ओलावा घेतो आणि सोडतो. त्यावर कुणीतरी 'मजबुती'साठी सिमेंटचा गिलावा चढवतं. मग ओल आत अडकते, क्षार दगडात साठतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. मी अशा भिंती सोलल्या आहेत. वरून गिलावा धडधाकट आणि मागे दगडाची भुकटी. तेव्हा तुमच्या शीटवर जुन्या भिंतीचा एक सेक्शन असा काढा की ऊन, हवा आणि ओल तिच्यातून कशी जाते ते दिसेल. वारसा आणि तंत्रज्ञान हे दोन विषय तिथे एकच होतात, आणि नवीन काही जोडायचं तर त्याला कशाशी जुळवून घ्यायचं आहे तेही कळतं.

नव्या साधनांचा उपयोग मला आधी ऐकण्यासाठी वाटतो, बोलण्यासाठी नंतर. कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी पॅरिसच्या नोत्र दामचं लेझर स्कॅनिंग केलं, पन्नासहून अधिक ठिकाणांहून, एक अब्जाहून जास्त बिंदू. 2018 मध्ये ते गेले. 15 एप्रिल 2019 ला कॅथीड्रलचं छत जळालं, आणि मग त्यांच्या त्या बिंदूंना वेगळंच मोल आलं. इमारत 2024 च्या डिसेंबरात पुन्हा उघडली.

त्याहून मला जवळचं वाटतं ते इस्तंबूलच्या हागिया सोफिया या भव्य घुमटाच्या जुन्या वास्तूतलं काम. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तिथे साधे फुगे फोडले आणि त्या आवाजाचं रेकॉर्डिंग केलं. घुमटाखाली तो आवाज विरायला दहा सेकंदांहून जास्त लागतात. त्या नोंदींवरून त्यांनी त्या जागेचा नाद संगणकात उभा केला आणि गायकांना तिथे न जाता त्या नादात गायला लावलं. घुमटाची उंची प्लॅन-सेक्शनमध्ये मिळते, फोटोत मिळते, पण एक स्वर सोडला की तो आपल्याभोवती दहा सेकंद राहतो, हे कुठल्या शीटवर येणार? तुमच्या इमारतीत टाळी वाजवून फोनवर रेकॉर्ड करा. प्रत्येक खोलीत एक. मग तुमच्या डिझाइनमध्ये काच आणि ग्रॅनाइट घातल्यावर त्याच टाळीचं काय होईल याचा विचार करा. वाचनालय करायचं म्हणता आहात, तर हा शोभेचा प्रश्न नाही.

माणसाच्या अनुभवाबद्दलही असंच ठोस बोला. 'युजर एक्स्पीरियन्स' हा शब्द शीटवर लिहून काही साधत नाही. डोळ्यांचंच घ्या. भर दुपारी बाहेर लाखभर लक्स उजेड असतो, आत खोलीत तीनशे असला तरी पुष्कळ. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो. त्यामुळे उन्हातून थेट अंधाऱ्या दालनात आलेला माणूस पहिली काही पावलं जवळजवळ आंधळा असतो, वय झालेला असेल तर अधिकच. जुन्या इमारतींत दाराआधी व्हरांडा, मग देवडीसारखी छोटी खोली, मग दालन असा क्रम सापडतो तो उगीच नाही. तुम्ही जर प्रवेश 'मोकळा' करण्यासाठी ती मधली खोली पाडत असाल, तर डोळ्यांचं ते काम दुसऱ्या कशानं तरी करावं लागेल. पाडण्याआधी हे एका सेक्शनवर काढा: पावलागणिक उजेड किती, आणि माणूस त्या पावलावर काय करतोय.

यासाठी ब्राझीलच्या साओ पावलोमधलं सेस्क पोम्पेया हे सांस्कृतिक केंद्र बघा. वास्तुविशारद लीना बो बार्डी तिथली जुनी पिंपांची फॅक्टरी बघायला दुसऱ्यांदा गेल्या, तो शनिवार होता. गळक्या छपरांखाली मुलं धावत होती, आया मांस भाजत होत्या, बाहुल्यांचा खेळ चालला होता. त्यांनी ठरवलं की हे सगळं असंच चालू राहिलं पाहिजे. फॅक्टरी तशीच ठेवली, विटा आणि काँक्रीट उघडं केलं, मोठ्या हॉलच्या जमिनीतून पाण्याचा एक उथळ वळणदार प्रवाह नेला आणि शेकोटी ठेवली. इमारत रिकामी आहे असं तुम्ही म्हणता. खरंच रिकामी आहे का? पायऱ्यांवर दुपारी कोण बसतं, कुंपणाची कुठली सळई वाकवून मुलं आत येतात, भिंतीच्या सावलीत कोण डबा उघडतं? साइट अ‍ॅनालिसिसमध्ये वाऱ्याची दिशा असते, ही माणसं नसतात. त्यांना आणा.

एक प्रश्न तुम्हाला ज्युरीत नक्की विचारतील: नवं काम जुन्यासारखं दिसावं की वेगळं? जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलचा 1964 चा व्हेनिस जाहीरनामा सांगतो की हरवलेला भाग नव्याने भरताना तो एकूण इमारतीशी जुळावा, पण मूळ कुठला आणि नवा कुठला हे ओळखू यावं. बर्लिनच्या नॉयेस म्युझियममध्ये वास्तुविशारद डेव्हिड चिपरफील्ड यांनी उद्ध्वस्त झालेला मुख्य जिना जुन्याच आकारात, पण पांढऱ्या काँक्रीटमध्ये, नक्षीशिवाय पुन्हा उभा केला. भिंतींवर युद्धाचे व्रण तसेच आहेत. संग्रहालय 2009 मध्ये उघडलं. उलट जपानमधलं इसे मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडात तंतोतंत पुन्हा बांधतात. 2013 ला बासष्टाव्यांदा बांधलं. तिथे जपलं जातं ते सुताराच्या हातातलं ज्ञान. वारसा-जतनावरच्या 1994 च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणाचे असे निरनिराळे अर्थ मान्य केले. तुमच्या इमारतीत जपण्यासारखं नेमकं काय आहे, दगड, कारागिरी, वापर की आठवण, हे एका वाक्यात ठरवा. उत्तर दगड असेल तर सावलीची फट सोडा. वापर असेल तर कदाचित तुमची सगळ्यात देखणी भिंतही पाडावी लागेल, आणि तसं असेल तर न घाबरता तसं सांगा.

राहिला तुमचा हॉलोग्रामवाला हॉल. दोन ओळींवरून सांगतो आहे, चूक असेल तर दुरुस्त करा. पण ज्या हॉलमध्ये मूळ छताच्या लाकडी कैच्या (छप्पर पेलणारे तिकोनी सांगाडे) अजून उघड्या दिसतात, तिथेच अंधार करून त्या कैच्यांचा इतिहास पडद्यावर दाखवायचा, हे मनाला पटत नाही. तो पडदा मागच्या पडक्या खोलीत न्या, जिथे छतच उरलेलं नाही. तिथे प्रोजेक्शनला काम आहे. हॉलमध्ये फक्त चढून कैचीच्या उंचीवर जाता येईल असा एक अरुंद पूल द्या, म्हणजे माणूस सुताराने मारलेली खुंटी हातभर अंतरावरून बघेल. पुलाचे खांब जुन्या भिंतीत घुसवू नका, जमिनीतून सुटे वर आणा.

आणि पुढच्या ज्युरीला जाताना रेंडर (संगणकावर काढलेली देखणी चित्रं) सगळ्यात शेवटी लावा. आधी त्या एका ठिकाणचा 1:20 सेक्शन, त्यात खऱ्या मापाची तीन माणसं: एक मूल, एक काठी टेकणारी बाई, एक चाकाच्या खुर्चीवरचा. तिघांचे डोळे कुठल्या उंचीवर येतात ती रेघ काढा, हात कुठे पोचतात ती काढा. चाकाची खुर्ची 1:12 च्या उताराने (एक मीटर चढायला बारा मीटर लांबी) वर जाणार असेल तर पाऊण मीटरच्या जोत्याला नऊ मीटर उतार लागतो, आणि मधे टेकायला सपाट जागा वेगळी. हे नऊ मीटर कुठून जातात, जाताना काय दिसतं, कशाला हात लागतो, एवढ्यावरच मी तुमच्या जागी असतो तर दोन आठवडे घालवले असते. तो सेक्शन झाला की इथेच टाका, मी बघेन.