दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाजवळच्या छोट्या खासगी लॉजना कुंपण नसतं म्हणतात. मग रात्री खोलीतून जेवायला एकट्याने जाता येतं का?

नाही. अंधार पडला की खोलीतून फोन करायचा. माणूस टॉर्च घेऊन न्यायला येतो आणि जेवण झाल्यावर दारापर्यंत सोडतो. अशी लॉज असलेलं साबी सँड हे खासगी अभयारण्य आणि क्रुगर यांच्यामधलं कुंपण १९९३ मध्येच काढलंय, त्यामुळे हत्ती, तरस, बिबट्या लॉजच्या आवारातून बिनदिक्कत ये-जा करतात. आम्ही दोन रात्री राहिलो, तेव्हा सकाळी खोलीपासून दहा पावलांवर हत्तीची ताजी लीद आणि मोडलेली फांदी पडलेली होती. रात्री आवाज म्हणाल तर काहीच नाही! दिवसा मात्र खरा उपद्रव माकडांचा. दाराची कडी लावायला विसरलात तर चहाच्या ट्रेमधली साखरेची पाकिटं गेलीच म्हणून समजा.

अर्थात सगळीकडे सारखं नसतं. काही लॉजभोवती विजेची तार असते, पण ती बरीच उंचावर, फक्त हत्तींसाठी; बिबट्या खालून आरामात येतो. म्हणून तिथेही नियम तोच. मोकळेपणाने फिरायचंच असेल तर क्रुगरमधले स्कुकुझा, लोअर साबी हे सरकारी कॅम्प बघा, त्यांना पूर्ण कुंपण आहे.