परका पतंग कुठवर पसरेल, हे आधी कसं सांगतात?

तुमचा प्रश्न असा, की मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी कुठे पसरेल याच्या नकाशात तुमचा तालुका फिका दिसतो, तर निर्धास्त राहायचं का? नका राहू. असे नकाशे तयार करणं हेच माझं काम आहे, त्यामुळे तो फिका रंग कुठून येतो ते सांगतो.

कीड जिथे जिथे सापडली तिथलं तापमान, पाऊस आणि थंडी पाहायची आणि तसं हवामान जगात आणखी कुठे आहे ते शोधायचं, ही एक पद्धत. दुसरी पद्धत किडीच्या वाढीवरून जाते. साधारण 12 ते 13 अंशांखाली ही अळी वाढत नाही. त्यावरची रोजची ऊब साठत सुमारे 390 अंश-दिवस झाली, की अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास पुरा होतो. सरासरी 27 अंश असेल तर रोज 14 जमा होतात, म्हणजे चार आठवड्यांत एक पिढी. 20 अंशांना त्यालाच सात आठवड्यांहून जास्त लागतात.

घोळ होतो तो नोंदींमध्ये. ही कीड थंडीत सुप्तावस्थेत जात नाही, कडक हिवाळ्यात मरते. अमेरिकेत ती हिवाळा काढते दक्षिण फ्लोरिडा आणि दक्षिण टेक्सासमध्ये. पण पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटरही जातात आणि उन्हाळ्यात पार कॅनडापर्यंत पोहोचतात. कॅनडातली नोंद ‘इथे कीड राहते’ म्हणून मॉडेलला, म्हणजे नकाशा काढणाऱ्या संगणकी गणिताला दिली, तर तिला बर्फही मानवतो असं ते धरून चालतं. म्हणून बारमाही मुक्कामाचा नकाशा वेगळा आणि हंगामी फेरीचा वेगळा काढावा लागतो. चीनमध्ये ती जानेवारी 2019 मध्ये युन्नान प्रांतात आढळली. तिथेही आता तेच चालतं, हिवाळा दक्षिणेत आणि उन्हाळ्यात उत्तरेच्या मक्यावर.

आपल्याकडे मला सर्वात जास्त काळजी वाटते ती पाण्याच्या हिशोबाची. नुसत्या पावसाच्या आकड्यांवर सोलापूरचा फेब्रुवारी-मार्च पाहिला तर अळीला खायला काहीच नाही असं दिसतं. प्रत्यक्षात विहिरीवर, कालव्यावर, ठिबकवर रब्बीचा मका उभा असतो, जनावरांसाठी चाऱ्याचा मका असतो, शेजारी ऊस असतो. पोंग्यात, म्हणजे मक्याच्या मधल्या गुंडाळलेल्या पानांत शिरलेल्या अळीला आभाळ कोरडं असल्याने काही फरक पडत नाही. सिंचनाची माहिती घातली की तोच फिका पट्टा गडद होतो. त्यामुळे नकाशा हातात आला की आधी विचारा, यात सिंचन धरलंय का?

नकाशा चुकतोच असं मात्र नाही. 2016 मध्ये ही कीड पश्चिम आफ्रिकेत दिसली आणि दोनेक वर्षांत सहाराच्या दक्षिणेकडच्या बहुतेक देशांत पोहोचली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजात हवामानासोबत व्यापार आणि वाहतुकीचे मार्गही धरले होते. त्यात भारत, चीन, ऑस्ट्रेलिया मोठ्या धोक्यात दाखवले होते. भारतात ती त्याच वर्षी मे महिन्यात कर्नाटकात सापडली होती, वर्ष संपायच्या आत महाराष्ट्रात मक्यावर आणि उसावरही आली. ऑस्ट्रेलियात 2020 च्या सुरुवातीला पोहोचली. जागा बरोबर निघाल्या, पण कीड कोणत्या आठवड्यात तुमच्या शेतात उतरेल हे असा नकाशा सांगत नाही. ते कामगंध सापळ्यातल्या, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यातल्या पतंगांवरूनच कळतं.

तेव्हा मका उगवताच सापळे लावा आणि पोंगे उकलून पाहा. अळीच्या डोक्यावर उलटा ‘वाय’ आणि शेपटीकडे चार ठिपक्यांचा चौकोन दिसला, तर ती हीच. तुमच्याकडे उन्हाळ्यात चाऱ्याचा मका कितपत असतो ते कळवा. तालुक्यात तिला वर्षभर खायला मिळतं का, हे त्यावरून बरंचसं सांगता येईल.